शिवेच्या आत

(गावाच्या शिवेबाहेर, ओहोळापलीकडच्या सड्यावर झावळांच्या खोपी. गावपळणीचा चौथा दिवस, उन्हं उतरलेली. एका खोपीत सत्यवान आणि त्याची मुलगी नम्रता. तिची आई आनंदी पलीकडच्या चुलींपाशी बायकांबरोबर भाकऱ्या भाजते आहे.)

सत्यवान : म्हणान सांगतंय, आजची एक रात कळ काढ. उद्या कौल होतलो. आज सकाळधरना आवाज येवक नाय. तू ऐकलंस काय?

नम्रता : नाय ऐकूक.

सत्यवान : मगे! परवा जरासो होतो. पण काल रातभर ठण, ठण, ठण. गावातसून नुसतो तोच आवाज. भजनातल्या पोरांनी झांजो खाली ठेवल्यानी. आज बंद. म्हणजे देव निवालो.

नम्रता : उद्याय पाकळी डावी पडली तर?

सत्यवान : तर परवा इचारूया. गुरव शिवेवरच्या पाषाणाक पाकळ्यो लायतलो, मी मानकरी म्हणान गाऱ्हाणा घालतलंय. उजवी पडली काय गाव आत, डावी पडली काय भायर. हेच्यात तुझा-माझा चलणा नाय. माझ्या आज्याच्या वेळेक लोक आठ दिस भायर रवलेले.

नम्रता : आठ दिस.

सत्यवान : तू तोंड कित्याक पाडलंस? नॉर्वेत जावन म्हयनो म्हयनो सूर्य बघूची नाय म्हणतंस, आणि हंय चार राती खोपीत रवाक तुझो जीव जाता.

नम्रता : तसा नाय बाबा.

सत्यवान : मगे कसा? मुलाखत बरी झाली मा? तेका दोन दिस झाले, तू आवशीकडेय एक शबूद बोलूक नाय. आनंदी माका इचारता. मी काय सांगू तिका? येता-जाता त्या मुलाखतीचो जप चललेलो, आणि आता वाचा बसली.

नम्रता : बरी झाली. तिघे जण होते, दोन बायका नि एक बाप्यो. पयलोच प्रश्न, काजूवाल्या शेतकऱ्याच्या मुलीला माशांचं शिक्षण कशाला हवं?

सत्यवान : माकाय तोच पडललो आसा.

नम्रता : मी म्हटलं, आमच्या खाडीत पूर्वी टोपलीभर शिंपल्या, तिसऱ्या, मिळायच्या. आता ओंजळ भरत नाही. का, ते मला शोधायचंय. त्यांना आवडलं ते. मगे माझ्या मागसून एक गिऱ्हाईक दुकानवाल्या स्वप्नाक बोंबलाक लागला, ‘आधार कार्डाच्यो दोन झेरॉक्स काढ गो, साहेब जेवक जायत.’ ते तिघेय हसले. कुठे बसलीयेस म्हणून इचारल्यानी. सांगलंय, कसालच्या बाजारात, मैत्रिणीच्या दुकानात. घरात का नाही? मगे सांगूकच लागला.

सत्यवान : गावपळणीचा?

नम्रता : होय. तीन-चार वर्षांनी एकदा देव गाव मागून घेतो. मग चुली विझवायच्या, घरं बंद करायची, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन शिवेबाहेर राहायचं. तेवढे दिवस आत फक्त देव आणि त्याची माणसं. तिघेय खुर्चेर फुडे सरकान ऐकत होते.

सत्यवान : बघ. आणि तू तेका हसत होतंस.

नम्रता : मगे त्यातल्या मोठ्या बायन इचारल्यान, म्हातारी माणसं? अंथरुणावरची? त्यांचं काय करता?

सत्यवान : तू काय सांगलंस?

नम्रता : त्यांना सगळ्यात आधी नेतात. आमच्याकडे मागे कोणी राहत नाही.

सत्यवान : बरा सांगलंस. गावाचो मान राखलंस.

नम्रता : खोटा सांगलंय, बाबा.

सत्यवान : खोटा काय तेच्यात?

नम्रता : हळू बोला. आई ऐकात.

सत्यवान : कोण मागे रवला? बोल. मी आज सकाळी पाषाणाफुडे शपथेर सांगलंय, गाव सगळो भायर आसा म्हणान.

नम्रता : तुमी ओरडूचास नाय.

सत्यवान : मी कधी ओरडलंय तुका?

नम्रता : म्हणानच भय वाटता.

सत्यवान : बोल गो.

नम्रता : मुलाखतीच्या सुरवातीक पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरूचो होतो. तसा तेंनी आधीच कळवलला. घरातसून निघताना मी सगळा घेतलंय, लॅपटॉप, चार्जर, दाखले. पासपोर्ट थंयच रवलो. आईन तांदळाच्या पिपात घालून ठेवललो, दमट हवेन खराब होयत म्हणान. पयल्या राती हंय खोपीत पडल्यार आठावला.

सत्यवान : मगे?

नम्रता : पाटे, उजाडूच्या आदी, व्हाळातसून गेलंय.

सत्यवान : आत?

नम्रता : आत.

सत्यवान : व्हाळाच्या रेतीत जी पावला गावली…

नम्रता : माझी.

सत्यवान : बा देवा म्हाराजा.

नम्रता : बाबा…

सत्यवान : थांब. माका जरा बसांदे. त्या पावलांभोवती काठयेन रेघ मारलंय ती मीच. दोनी वाटांर पोरा बसयलंय ती मीच. आणि आज सकाळी पाषाणाफुडे गाऱ्हाणा घातलंय, ज्या कोणाचा पाऊल आत पडला आसात तेका तुझ्या पायाकडे वडून आण म्हणान. माझ्याच तोंडान.

नम्रता : ऐकलंय. मी मागेच उभी होतंय.

सत्यवान : आणि ‘होय म्हाराजा’ म्हटलंस सगळ्यांबरोबर?

नम्रता : म्हटलंय.

सत्यवान : तुका कोणी बघूक नाय मा? मगे ह्या तोंडातला भायर काढू नको. पासपोर्ट घेवन इलंस, झाला. देवाचा मी बघतंय.

नम्रता : झाला नाय ता. गाव बघवना नाय होतो बाबा. कुत्रा नाय, कोंबो नाय. आपल्या खळ्यात माझीच चप्पल वाजली तर मी दचकलंय. पासपोर्ट घेतलंय, कडी लायलंय, आणि तेव्हा ऐकलंय. ठण. ठण.

सत्यवान : गो…

नम्रता : माकाय देवच वाटलो. पण आवाज गुरुदासकाकांच्या घरातसून येत होतो. फुडल्या दाराक कुलूप, मागल्या दाराक नुसती सुतळी. आत तेंची आवस, काशीआजी. खाटेर पडलेली, हातात पेलो. खाटेच्या लोखंडार वाजयत होती.

सत्यवान : काशीबाय खारेपाटणाक आसा. लेकीकडे. निघूच्या आदल्या दिसा गुरुदासान रिक्षा आणल्यान, मी माझ्या डोळ्यांनी बघलंय.

नम्रता : रिक्षेत आजी बघलास?

सत्यवान : वाकळ बघलंय. वाकळीत गुंडाळलेली… वाकळच बघलंय.

नम्रता : मागच्या पळणीक ओमकार होतो. बापूस नि झील, दोघांनी तिका खुर्चेर बसवन उचलून आणल्यानी. आता ओमकार नॉर्वेत. काका एकटे, कमरेक पट्टो.

सत्यवान : मेल्यान माका सांगूचा होता. गावात पोरा नाय काय चार?

नम्रता : खंय आसत? कोण मुंबैत, कोण गोव्यात.

सत्यवान : आणि तू चललंस नॉर्वेत.

नम्रता : आणि समजा पोरा असती, तरी काकांनी कसा सांगूचा? मागच्या पळणीक जानकीन गाभण म्हस गोठ्यात ठेवल्यान, तेव्हा शिवेर उभे रवान सगळ्यात मोठ्यान काकाच बोलले. ‘जनावर असो की माणूस, मागे ठेवणाऱ्याला गावात थारा नाही.’ जानकी रडत म्हस आणूक गेली. वाटेतच व्याली ती म्हस.

सत्यवान : आठावता माका. तू तिका, काशीबायक, तुझा नाव सांगलंस?

नम्रता : नाय. तिका आता नीट दिसणा नाय. इचारल्यान, कोण गो? देवी इली काय?

सत्यवान : मगे?

नम्रता : मी वगी रवलंय. नाव सांगला तर गावाक कळात म्हणान. पाणी पाजलंय. तिना माझो पाय चाचपल्यान, धरल्यान, आणि म्हटल्यान, आता माका न्हेतलंस मा?

सत्यवान : आणि तू?

नम्रता : पाय सोडवलंय आणि पळालंय. एसटी चुकात म्हणान.

सत्यवान : तिका तशीच टाकून?

नम्रता : तेव्हा ती उपाशी नाय होती. उशाकडे पेजेचो टोप होतो, अजून कोमट. काका रातचे जावन इलले. ते जातले दगडांवरसून, तेंका काळोखातय वाट म्हायत. मी गेलंय रेतीतसून. त्याच दिसा तुमी वाटांर पोरा बसयलास. तेव्हापासून ते जावक नायत.

सत्यवान : तुझ्या पावलांमुळे.

नम्रता : माझ्या पावलांमुळे. काल रातभर आवाज, आणि आज बंद. आणि तुमी म्हणतास देव निवालो.

सत्यवान : वगी रव. भायर कोण तरी आसा.

गुरुदास : सत्यवान, आहेस का? आत येऊ?

सत्यवान : ये रे गुरुदासा. बस. तू हाफिसातला बोलाक लागलंस काय माका भय वाटता. रिटायर झालंस मा आता?

गुरुदास : सवय जात नाही. एक विचारायचं होतं. कौल आज पुन्हा लावता येईल का? दिवस मावळायच्या आत?

सत्यवान : दिसात एकदाच इचारूचा आसता. तुका काय नवीन सांगूचा?

गुरुदास : माहीत आहे. पण लोक कंटाळलेत रे. लहान मुलं आहेत, रात्री दव पडतं. त्यांच्यासाठी म्हणतो मी. गुरवाला मी समजावतो, तू फक्त हो म्हण.

सत्यवान : आवशीचा कसा आसा तुझ्या? खारेपाटणाक फोन केललंस?

गुरुदास : बरी आहे. जेवते, झोपते. बहीण बघते ना तिचं.

सत्यवान : ओमकार इचारता काय?

गुरुदास : रोज. आजीला व्हिडिओवर दाखवा म्हणतो. मी सांगतो, रेंज नाही. नमू, तुझी खोली पक्की झाली हां. ओमकारने त्या घरमालकीणबाईंशी बोलून ठेवलंय. विमानतळावर तोच येईल न्यायला. त्याचा एक जाड कोट आहे, तोही तुला देणार म्हणाला, पहिल्या हिवाळ्यापुरता. तू कसली काळजी करू नकोस.

नम्रता : काका, आजीन पेलो एकदा वाजवल्यान तर तिका पाणी व्हया आसता मा?

गुरुदास : कोणाला?

नम्रता : दोनदा वाजवल्यान तर कूस बदलूची. ओमकारान माका कधी तरी सांगलला. रातभर वाजवल्यान तर काय व्हया आसता?

सत्यवान : नमू.

नम्रता : मी पाणी पाजून इलंय तिका, काका. पयल्या पाटे.

गुरुदास : म्हणजे ती पावलं…

नम्रता : माझी.

गुरुदास : तुझी. आणि मी त्या दिवसापासून त्या पावलांना शिव्या घालतोय. कोण मेला आत गेला आणि माझी वाट बंद करून बसला. पोरांकडे दोनदा गेलो मी, तंबाखू दिली, गप्पा मारल्या. हलत नाहीत. म्हणतात, सत्यवानकाकांचा हुकूम आहे.

सत्यवान : तिका हंय आणूक कित्याक नाय? माका एक शबूद टाकूचो होतो.

गुरुदास : टाकणार होतो. तीच नको म्हणाली. मागच्या वेळी खुर्चीत बसवून नेली, तेव्हा वाटेत तिचं लुगडं ओलं झालं. सगळ्या गावासमोर. परत तसं नको, म्हणाली. तीन दिवस देवाबरोबर राहीन, तो काय खातो मला? मला पटलं. पटवून घेतलं मी.

सत्यवान : आता काय करूया, ता बोल.

गुरुदास : काही नाही करायचं. ऐक माझं. ही बोलली तर जाब एकट्या मला नाही, तुम्हालाही द्यावा लागेल. मानकऱ्याची मुलगी आत गेली. गाऱ्हाण्याचा मान तुझ्या घरातून जाईल. आणि ओमकारला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. पण मग मीही सांगेन त्याला, नमूने आजीला त्या अवस्थेत बघितलं आणि मुलाखतीला निघून गेली. आल्यावरही गप्प बसली. परक्या मुलखात उतरल्यावर हिला दुसरं आहे कोण?

सत्यवान : माझ्या खोपीत बसान माझ्या चेडवाक भय घालतंस?

गुरुदास : भय नाही घालत. आहे ते सांगतो.

नम्रता : काका, आज पेलो वाजूक नाय.

गुरुदास : हळू बोल, नमू.

नम्रता : सकाळधरना एकदाय नाय.

गुरुदास : माका सांगतंस? मी पाटेपासून व्हाळाच्या काठार बसलंय गो. काल रातभर ती वाजयत होती. ती थंय, मी हंय, मधी घोट्याइतक्या पाणी. लोक हात जोडून उभे होते. कोण म्हणत होतो देवाची पालखी फिरता, कोण म्हणत होतो देव रागार आसा. सगळ्यांनी हात जोडल्यानी. मीय जोडलंय.

सत्यवान : गुरुदासा…

गुरुदास : माझी आवस पाणी मागत होती, आणि मी लोकांबरोबर हात जोडून उभो.

सत्यवान : एक वाट आसा. मी भायर जावन सांगतंय, आता पाषाणाकडे गेललंय, पाकळी उजवी पडलेली गावली. मानकऱ्याचो शबूद कोण मोडूचो नाय. गाव आत जायत. तू तुझ्या मागल्या दारान घरात जा. तुझा नाव नाय, हिचा नाव नाय.

गुरुदास : खोटो कौल?

सत्यवान : होय.

गुरुदास : तू सांगतलंस? तुझ्या घराण्यात आजपर्यंत कोणी…

सत्यवान : नाय सांगूक. म्हणान लोक माझ्यार इश्वास ठेवतले. मगे माझे हातपाय वळांदे, वाचा जावंदे, ता माझा मी बघीन. हिका एकदा विमानात बसांदे. मगे देव आणि मी.

नम्रता : नाय बाबा.

सत्यवान : तू मधी बोलू नको.

नम्रता : कौल झालो म्हटल्यार लोक सामान बांधतले. गुरा सोडतले, ढोल आणतले, आदी देवळात जातले. काकांनी एकट्यांनी फुडे कसा जावचा? घराकडे पोचासर काळोख पडात. तेवढो येळ आजीक खंय आसा?

सत्यवान : मगे खरा सांगलंस तर तुझा जाणा रवात. ता कळता मा तुका?

नम्रता : कळता.

सत्यवान : सोप्या वाटता तुका?

नम्रता : सोप्या नाय. मुलाखत संपल्यार ती मोठी बाय हसान म्हणाली, जाड मोजे घेऊन ये. म्हणजे माका घेतल्यानी, बाबा. मी स्वप्नाक मिठी मारलंय. आणि तेव्हासुद्धा पायाक तिचो हात होतो. अजून आसा. रात्री झोपेत पाय झाडतंय, आई इचारता, डास चावता काय.

सत्यवान : वाटेवरच्या पोरांक काय सांगतलंस?

नम्रता : पावला माझी. आणि आत काशीआजी आसा. इतक्याच. मगे तेंका अडवचा आसात तर अडवंदेत. तुमी येव नको. तुमका गाऱ्हाणा घालूचा आसता.

सत्यवान : मी हंय बसान कोणाक गाऱ्हाणा घालू? देव व्हाळापलीकडे, चेडू व्हाळापलीकडे. चल. मी फुडे चलतंय. पोरा माझ्यार हात उगारूची नाय.

गुरुदास : सत्यवान, जरा थांब. आदी मी एकटो जातंय. दारात रवान हाक मारतंय. तिना ओ दिल्यान तर मी बॅटरी दाखयतंय, मगे तुमी येवा.

नम्रता : आणि ओ येवक नाय तर?

गुरुदास : तर तुमी परत फिरा. कौल होयसर तसाच रवांदे. तोपर्यंत… तोपर्यंत ती खारेपाटणाक आसा.

सत्यवान : उठ, गुरुदासा.

गुरुदास : माका धरून उठव रे.

सत्यवान : माझ्या खांद्यार हात टाक. असो. नमू, आवशीक काय सांगू नको, ती मागसून धावात. ती खुर्ची घे गो, आणि वाकळ. खुर्चेर वाकळ घालूया, आणि वरसून लुगडा पांघरूया. ह्या वेळेक कोण तिच्याकडे बघूचो नाय. मी बघतंय कोण बघता तो.

नम्रता : खुर्ची घेतलंय. पाण्याची बाटली रवली. थांबा, कळशीतला भरून घेतंय.

गुरुदास : कळशीतला नको गो. चुलीवरचा कोमट घे. थंड पाणी तिच्या दातांक लागता.